रिकाम्या पोत्यांचं गोदाम

मागच्या आठवड्यात मुलाचा फोन आला तेव्हा तो वैतागलेला होता. त्याच्या कंपनीत एक मोठं यंत्र आहे. हजारो लोकांची खाती त्यात असतात आणि ते सांभाळायचं काम याच्याकडे. यंत्राची मेमरी किती भरली ते बघायच्या दोन-तीन जागा आहेत म्हणे. एकीकडे दिसतं, जवळजवळ सगळी भरली. दुसरीकडे दिसतं, निम्म्याहून जास्त मोकळी. तिसरीकडे प्रत्येक कामाला किती लागली ते वेगवेगळं दिसतं, आणि त्याची बेरीज केली तर ती यंत्रात मुळात आहे त्यापेक्षाही जास्त येते. त्याचे साहेब विचारतात, यातलं खरं कुठलं?

"मग खरं कुठलं?" मीही तेच विचारलं.

"सगळीच खरी गं आई. यंत्र जागा रिकामी पडू देत नाही. पुन्हा लागेल म्हणून जुनं काहीबाही तिथं मांडून ठेवतं. कुणी जागा मागितली की लगेच उचलतं. एक आकडा त्याला भरलेली जागा म्हणतो, दुसरा मोकळी."

"आणि बेरीज जास्त येते ती?"

"एकच जागा दहा कामं मिळून वापरतात. दहाही जण ती आपापल्या नावावर सांगतात."

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या गोदामासारखं." तो घाईत होता. कुठलं गोदाम, ते त्यानं विचारलं नाही.

ते गोदाम रिसोडचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट.

माझी शाळा पाचवीला सुटली. पुढचा वर्ग खाडीपलीकडच्या गावात होता, आणि मुलीला एकटीला तरीत बसवायचं नाही असं घरात ठरलं. तेव्हा त्याचं मला फार वाटलं नाही, पुढे वाटलं. लग्न झालं तेही आमच्याच बाजूच्या माणसाशी, पण माझे थोरले दीर अकोल्याला रेल्वेत होते आणि त्यांच्या ओळखीनं ह्यांना धान्याच्या गोदामावर रात्रीच्या चौकीदाराची नोकरी लागली होती. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चालायचा. माहेरून निघून होडी, एस.टी., रेल्वे, पुन्हा एस.टी. असं करत मी रिसोडला उतरले, तेव्हा सगळ्यात आधी तिथला वारा वेगळा वाटला. त्याला मीठ नव्हतं.

गोदाम म्हणजे गावाबाहेरची एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याची शेड. भाड्यानं घेतलेली. दगडी भिंती, वर पत्रे, आणि पत्र्यांखाली पोत्यांच्या थप्प्या. शेडला चिकटून एक खोली होती. गोदाम ज्यांच्या ताब्यात होतं त्यांना सगळे कीपरसाहेब म्हणत. त्यांनी ती खोली आम्हाला राहायला दिली. द्यायलाच पाहिजे असं काही नव्हतं. "चौकीदार जवळ असलेला बरा," एवढंच म्हणाले. ते उपकार माझ्या मनात इतके बसले होते की माहेरहून कुणी आलं की पिशवीतला पहिला नारळ त्यांच्या घरी जायचा. त्यांच्या बायकोला नारळाचं काय करायचं ते फारसं माहीत नव्हतं. ती देवापुढे ठेवायची आणि तो तिथंच वाळायचा.

पण खोली गोदामाची होती. गोदाम सोडलं तर खोली सुटणार, ह्यांची नोकरी गेली तरी खोली सुटणार. घरी परत जायचं तर तिथंही आमच्यासाठी जागा उरली नव्हती, दोन जावा आणि त्यांची पोरं होती. खोलीचं दार लावताना आणि उघडताना मी हे मनाशी म्हणत असे. कुणी शिकवलं नव्हतं, सवयच लागली.

दिवसा हे झोपायचे आणि मला करायला काही नसायचं. कीपरसाहेब एकदा म्हणाले, "बसून काय करता? बारदान्यावर बसा." बारदाना म्हणजे रिकामी पोती. रेशनच्या दुकानांतून रिकामी पोती परत यायची. फाटलेली, उसवलेली, उंदरांनी कुरतडलेली. ती दाभणानं शिवून ठेवायची आणि सुगीत खरेदी सुरू झाली की धान्य भरायला पाठवायची. शिवायला दोन बायका होत्या, सासू आणि सून, गावातल्या बौद्ध वस्तीतल्या. सासूला सगळे मावशी म्हणत. मी तिसरी.

"मला दाभण द्या," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"मला?" सून हसली. "मले म्हन. मला म्हनलं का दाभन बोटात घुसते इकडं."

"काहून छळतं वो तिले," मावशी म्हणाली. "बस माय. घाबरू नको. तुहा हात पाहू."

तिनं माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि मला सगळ्यात जाड सुतळी दिली.

मावशीची एक पद्धत होती. शिवलेली पोती एकीकडे, ठिगळ लावायची दुसरीकडे, नुसती तोंडं उसवलेली तिसरीकडे, आणि पोतं फाडून ठिगळं काढायची ती भिंतीशी. धान्याच्या थप्प्यांमधून आणि थप्प्यांच्या मागे जिथं फरशी दिसेल तिथं बारदाना पसरलेला. हव्या त्या पोत्यावर तिचा हात न बघता जायचा. कीपरसाहेबांनाही ते पसंत होतं. त्यांना उघडी फरशी बघवत नसे. "रिकामी जागा काय पुजायची आहे?" म्हणायचे. धान्य कमी झालं की बारदाना पसरायचा, धान्य आलं की बारदाना आवरायचा. म्हणून आमचं गोदाम बाराही महिने भरलेलं दिसे. दारातून आत पाहिलं तर मागची भिंत कधी दिसायची नाही.

अपवाद फक्त बाजाराचा दिवस. बाजाराला हमाल सुट्टी घ्यायचे, गाड्या यायच्या नाहीत, आणि मग आम्ही तिघी सगळा बारदाना बाहेर काढून आवारात उन्हाला घालायचो. पोत्यांत सोंडे होतात. ते बारदान्यातून धान्यात जातात आणि धान्याचं पीठ करतात. ऊन दाखवलं की निघून जातात. संध्याकाळी झटकून सगळं पुन्हा आत. त्या दिवशी हे झोपायचे नाहीत, दाराशी बसायचे.

अशाच एका बाजाराच्या दिवशी तपासणीला एक साहेब आले. तरुण होते, नवीन होते, एस.टी.नं आले होते आणि धुळीनं भरले होते. कीपरसाहेब वाशिमला गेलेले. हमालांचे मुकादम, ज्यांना सगळे चाचा म्हणत, बाजारात. दाराशी फक्त हे, आणि आवारात आम्ही तिघी पोती उलटत.

साहेब आत गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले.

"अर्धं गोदाम रिकामं कसं?"

"बारदाना बाहेर काढलाय साहेब," हे म्हणाले.

"मी रिकाम्या पोत्यांचं विचारत नाही. शनिवारी तुमच्याकडून कळवलंय की गोदाम पूर्ण भरलंय, जागा शिल्लक नाही. आज मला पलीकडची भिंत दिसतेय. मध्ये गाडी गेली का इथून?"

"नाही."

"मग?"

ह्यांना बोलता येत नसे असं नाही, पण साहेबलोकांपुढे ह्यांची वाक्यं एका शब्दाची व्हायची. दाराशी फळा होता. त्यावर धान्याची पोती किती ते रोज खडूनं लिहिलेलं असे. ह्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "फळ्यावर कुणीही लिहील."

मावशी पोतं झटकत पुढे आली. "सायेब, रिकाम्या पोत्यायनंच भरते हे. सांजच्याले या. पुरं भरेल दिसन."

"रिकाम्यानं गोदाम भरतं का, बाई?"

"पोट भरत नाई," सून तिच्या मागून हळूच म्हणाली, "गोदाम भरते."

साहेबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकूनही सोडून दिलं. जाता जाता त्यांनी ह्यांना विचारलं, "रात्री इथं कोण असतं?"

"मी."

"एकटेच?"

"एकटाच."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि ते स्टँडकडे चालत गेले. चोरी हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. उच्चारायची गरज नव्हती. शनिवारी भरलेलं गोदाम बाजाराच्या दिवशी अर्धं आहे, गाडी गेलेली नाही, आणि रात्री तिथं एकटा माणूस असतो.

त्या दिवसापासून ह्यांची झोप गेली. रात्री जागायचं ते कामच होतं, पण आता दिवसाही हे डोळे उघडे ठेवून पडायचे. मी पोती शिवून खोलीत आले की विचारायचे, "त्यांनी 'एकटेच?' असं का विचारलं असेल?" मी म्हणायची, सहज. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे. जेवण पानात तसंच राहायचं. मला वाटायचं, मी इतके दिवस दाराशी म्हणत होते तेच आता होणार, आणि मी म्हणत होते म्हणूनच होणार.

मावशीच्या लक्षात आलं. "तुहा नवरा काहून असा सुकून राह्यला वो?"

मी सांगितलं.

"हात् तिच्या," ती म्हणाली. "त्या मानसाले सांगलं ना म्या. त्याले पोतं म्हनजे काय तेच मालूम नाई. त्यात तुह्या नवऱ्याचा काय गुन्हा?"

पुढच्या आठवड्यात निरोप आला. अकोल्याहून मोठे साहेब स्वतः येणार, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.

कीपरसाहेब आणि चाचा त्यावर आमच्या खोलीपुढच्या ओट्यावर बसून बोलले. मी चहा केला. हे भिंतीला टेकून उभे होते. बायका थोड्या अंतरावर शिवत होत्या, पण त्यांची दाभणं थांबली होती.

"साब, फिकर कायले करता," चाचा म्हणाले. "आदल्या दिवशी बारदाना छतापर्यंत चढवून टाकतो. येईन त्याले दिसन का भरेल हाय. बात खतम."

"आणि ते म्हणतील, गेल्या आठवड्यात भिंत दिसत होती, आज धान्य कुठून आलं? मग? त्यापेक्षा उलटं करू. बारदाना सगळा बाहेर काढू. आत फक्त धान्य. मोजा म्हणावं पोती. फळ्याशी जुळतील."

"जुळतीन. पन मंग शनिवारचा कागद कोनी धाडला म्हनतीन? जागा नाई म्हून?"

कीपरसाहेबांनी कप खाली ठेवला. कागद त्यांनीच पाठवला होता. आणि तो खोटा नव्हता. शनिवारी खरोखरच फरशीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

"भरेल दाखवलं तं त्या साबनं पाह्यलं ते खोटं," चाचा म्हणाले, "अन् खाली दाखवलं तं शनिवारचा कागद खोटा."

"दोघंयबी खरं बोलून राह्यले," मावशी जागेवरूनच म्हणाली, "अन् दोघंयबी मरनार."

"तू शिव ना माय," चाचा म्हणाले.

मी कपबशा गोळा केल्या. पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरं दिलेली असायची, एका गणिताला एक. मला तेवढंच येत होतं. एका गोदामाला दोन उत्तरं असतील आणि दोन्ही बरोबर असतील, तर चूक कुणाची धरायची? चूक धरायचीच असेल तर ती नेहमी सगळ्यात खालच्या माणसाची धरतात, एवढं मात्र मला पुस्तकाशिवाय कळत होतं.

त्या दोघांचं काही ठरलं नाही, आणि ठरायच्या आतच साहेब आले. एक दिवस आधी, बाजाराच्याच दिवशी. जीप आवारात शिरली तेव्हा आमचा अर्धा बारदाना बाहेर होता आणि अर्धा आत. चाचा त्या दिवशी काळजीनं बाजाराला गेले नव्हते, कीपरसाहेबही होते. जीप दिसताच कीपरसाहेब म्हणाले, "काढा काढा, लवकर बाहेर काढा." त्याच वेळी चाचा ओरडले, "आत घ्या वो, आत!" सून डोक्यावर गठ्ठा घेऊन दाराच्या बरोबर मध्ये थांबली. तिच्या मागे मी. मला पुढेही जाता येईना आणि मागेही.

साहेब उतरले. पोक्त होते, चष्म्याच्या काचा जाड. दारातल्या गर्दीकडे त्यांनी पाहिलं.

"काय चाललंय?"

"सायेब," मावशी म्हणाली, "एक म्हनते आत, एक म्हनते भायेर. आता तुमीच सांगा. डोकं दुखून राह्यलं पोरीचं."

कीपरसाहेबांचा चेहरा पाहवेना. साहेबांनी विचारलं, "दर बाजाराला यावेळी काय करता?"

"भायेर काढतो. ऊन दाखवतो."

"मग काढा."

आम्ही काढत राहिलो. साहेब निंबाखाली एका गठ्ठ्यावर बसले आणि बघत राहिले. मग जसजसा बारदाना बाहेर येऊ लागला तसतशी दारातून मागची भिंत दिसू लागली. आधी वरची पट्टी, मग खिडकी, मग सगळी. साहेब उठून दाराशी गेले. पुन्हा येऊन बसले. ज्यावर बसले होते तो गठ्ठा त्यांनी हातानं दाबून पाहिला. तो दबला, हात काढल्यावर फुगला.

"याचं वजन काही नाही," ते म्हणाले.

"वजन नाई सायेब," सून म्हणाली, "पन अंग लय हाय."

साहेबांना हसू आलं. त्यांनी चाचांना धान्याची पोती मोजायला सांगितली. थप्प्या उघड्या पडल्या होत्या, त्यामुळे मोजणं सोपं होतं. आकडा फळ्याशी जुळला. हे सगळा वेळ दाराशी उभे होते. मी ह्यांच्याकडे पाहत होते, पण हे कुणाकडेच पाहत नव्हते.

मग साहेबांनी शनिवारचा कागद काढला. आमच्याकडे प्रत्येक थप्पीची लांबी-रुंदी मोजून ठेवायची रीत होती, बारदान्याच्या थप्पीचीसुद्धा. चारी बाजूंना माणूस फिरेल एवढी वाट सोडायचा नियम होता, म्हणून वाटेत बारदाना पसरलेला असला तरी कीपरसाहेब माप घेताना वाट धरूनच घ्यायचे. साहेबांनी सगळ्या मापांची बेरीज केली. मग शेडची लांबी पावलांनी मोजत आले आणि पुन्हा बेरीज केली.

"कीपर, या हिशेबानं तुमचं गोदाम त्या बाभळीच्या पलीकडे गेलंय."

"साहेब?"

"या दोन थप्प्यांच्या मध्ये वाट एकच आहे ना? तुम्ही ती हिलाही दिलीत आणि तिलाही."

"नियमात आहे ना साहेब, प्रत्येक थप्पीला वाट—"

"आहे. वाट प्रत्येकीला पाहिजेच. पण ती दोघींची मिळून एक आहे."

चाचा मान हलवत होते. "आमच्याइथं संडासबी असाच हाय साब," ते म्हणाले. "चार घरं म्हनतेत आमचा."

दुपारी साहेबांनी जीपमधला डबा आणून आमच्या ओट्यावर बसून खाल्ला. मी चहा दिला. घाईत थोडा बशीत सांडला. त्यांनी तो बशीतला आधी प्याला. मग विचारलं, "तुम्ही इथल्या नाही वाटतं?"

"नाही. खाडीकडच्या."

"लांब आलात."

मी होय म्हटलं.

बारदाना आत घ्या असं ते एकदा म्हणाले, पण मावशीनं ऐकलं नाही. "ऊन पुरं लागलं नाई सायेब. किडे तसेच राह्यतीन." त्यांनी थांबायचं कबूल केलं. उन्हं उतरल्यावर आम्ही पोती झटकून आत नेली, आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत मागची भिंत पुन्हा झाकली गेली. धान्याचं एक पोतंही हललं नव्हतं.

निघताना त्यांनी चाचांना विचारलं, "समजा आत्ता धान्याच्या गाड्या आल्या. काय कराल?"

"येऊ द्या ना साब. बारदाना उचलाले कितीक वेळ लागते? गाडीवाला ताडपत्री सोडेस्तोवर जगा करून देतो."

"म्हणजे भरलेलं आहे, पण अडलेलं नाही," साहेब म्हणाले. कीपरसाहेबांना त्यांनी सांगितलं की इथून पुढे एक ओळ पाठवू नका. धान्य किती, बारदाना किती, आणि गाड्या आल्या तर जागा किती होईल, अशा तीन ओळी वेगवेगळ्या पाठवा. मग ते ह्यांच्याजवळ थांबले.

"त्या दिवशी तुम्ही बरोबर सांगितलं होतं. बारदाना बाहेर आहे म्हणून."

"होय साहेब," हे म्हणाले.

जीपमध्ये बसता बसता ते कीपरसाहेबांशी आणखी एक वाक्य बोलले, आणि ते मी ऐकलं. "पण निम्मं मोकळं असलेलं गोदाम भाड्यानं कशाला ठेवायचं, हे आता वर विचारतील."

चोरीचं मिटलं होतं. ज्यामुळे मिटलं त्यानंच आता खोली जाणार होती. भरलेलं गोदाम असतं तर कुणी सोडलं नसतं. ह्यांनीही ते ऐकलं होतं. त्या दिवशीही ह्यांना झोप आली नाही. फक्त प्रश्न बदलला. आता हे विचारायचे, "सोडतील का?"

मी ट्रंक आवरून ठेवली. त्यात आवरण्यासारखं फार नव्हतं.

बरेच दिवस काही कळलं नाही. कीपरसाहेब शनिवारी तीन ओळी पाठवत राहिले. तिसऱ्या ओळीत मोठा आकडा लिहिताना ते थोडे थांबायचे, तोंडातला घास काढून द्यावा तसे. मग एका सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. पोत्यांनी लादलेल्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. वाशिमच्या गोदामात माल मावेनासा झाला होता आणि वरच्यांनी आमची तिसरी ओळ वाचली होती. कीपरसाहेबांच्या हातात चिठ्ठी होती. हे गोदाम चालू ठेवायचं आणि जागा आहे तेवढं भरायचं.

चाचांनी हमालांना हाका मारल्या. "वो मावशी! उचला दुकान!"

"उचलतो ना बाप्पा. तोंड नको वासू, हात लाव."

ताडपत्र्या सुटत होत्या तोवर आम्ही आणि हमालांनी मिळून बारदाना बाहेर फेकला. त्या दिवशी मी गोदामाची फरशी पहिल्यांदा अख्खी पाहिली. दगडी होती, मध्ये जुन्या यंत्राचे बोल्ट अजून रोवलेले. बोललं की आवाज परत येत होता. संध्याकाळपर्यंत तिथं धान्य होतं, थप्प्या वासे गाठत होत्या, आणि मागची भिंत पुन्हा दिसेनाशी झाली. पण ही थप्पी दाबून दबणारी नव्हती.

जास्तीचा बारदाना त्याच गाड्यांतून परत गेला. फाटका तेवढा ठेवला होता, शिवायचा. पण तो ठेवायला आत जागा नव्हती, आणि मावशीची वेगवेगळे ढीग लावायची फरशी कायमची गेली होती. दुसऱ्या दिवशी दोघी सासूसुना दाभणं घेऊन आल्या आणि आवारात उभ्या राहिल्या. निंबाची सावली सकाळी भलतीकडेच पडते.

"कुठं बसता?" मी विचारलं.

"कुठं बसाव? घरी जाव का?" सून म्हणाली.

मावशी आमच्या खोलीकडे बघत होती. खोलीत एक खाट होती, चूल होती, ट्रंक होती, पाण्याचा माठ होता, आणि खाटेवर हे होते. आणखी काही ठेवायचं तर आम्ही ते टांगून ठेवायचो. कुणी माप घेतलं असतं तर जागा नाही असंच लिहिलं असतं.

मी ट्रंक खाटेखाली सरकवली आणि माठ ओट्यावर ठेवला. मावशी आत आली, सून आली, फाटक्या पोत्यांचे गठ्ठे आले. तोंडं उसवलेली चुलीशी, ठिगळाची दाराशी, शिवलेली खाटेच्या पायथ्याशी.

"सरक वो कोकनवाले," सून म्हणाली. "मले हात हालवू दे."

"हळू बोल," मावशी तिला म्हणाली. "भाऊ झोपून राह्यले."

मी वळून पाहिलं. ह्यांच्या पायांवर दोन शिवलेली पोती कुणीतरी टाकली होती, पोत्यांची धूळ खोलीभर उडत होती, बाहेर हमाल एकमेकांना शिव्या देत होते. तोंड थोडं उघडं ठेवून हे घोरत होते.

"झोपू दे," मी म्हटलं, आणि दाभणात सुतळी ओवली.